पत्रावळीवरचं इंजिन

मला खोली द्यायची की नाही हे ठरवताना आचारीबुवांनी माझं गाव विचारलं नाही, घराणं विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. त्यांनी माझ्यापुढे एक कोरी पत्रावळ टाकली आणि म्हणाले, "मास्तर, मीठ कुठं?"

भोंगवलीच्या शाळेवर मी नुकताच रुजू झालो होतो. डोक्यावर ट्रंक होती, पोटात सकाळपासून काही नव्हतं, आणि हा उंच, किंचित वाकलेला माणूस माझी परीक्षा घेत होता. मी पत्रावळीच्या वरच्या टोकाला, मधोमध बोट ठेवलं.

"लिंबू?"

"मिठाच्या डावीकडे."

"चटणी?"

"लिंबाच्या खाली. डावीकडेच."

"भाजी? आमटी?"

"उजवीकडे."

"कोशिंबीर?"

इथे मी गडबडलो आणि बोट उजवीकडे नेलं. पायात काटा मोडल्यासारखे बुवांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "कोशिंबीर डावीकडं, मास्तर. पन मिठाची जागा बराबर हाय. ऱ्हावा."

असा मी त्यांच्या घरी राहिलो, आणि पुढची सहा वर्षं राहिलो. ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोनतीन वर्षं आधीची. भोर तेव्हा संस्थान होतं, आणि आमच्या गावात मोटार आली तर पोरं वर्ग सोडून पळत.

बुवा पंचक्रोशीचे आचारी. लग्न असो, जावळ असो, देवाचा भंडारा असो, चूल पेटायची ती बुवांच्या हाताने. पण सबंध स्वयंपाकात त्यांनी एक थेंब जिभेवर ठेवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. देवाला दाखवायच्या आधी चाखायचं नाही, हा त्यांचा नेम. मग मीठमसाला कळायचा कसा? वासाने. आणि शिजलं की नाही ते कळायचं कानाने. त्यांच्याकडे हातभर लांब दांड्याची एक लोखंडी पळी होती. तिचं तोंड पातेल्याच्या काठाला टेकवायचं आणि दांडा कानाला लावायचा. डोळे मिटून दोन क्षण ऐकलं की निकाल. "पुरनाचा आवाज जाड झाला, उतरा." किंवा, "भात अजून बडबडतोय, ऱ्हाऊ द्या." मी आधी हसलो. नंतर त्यांचं पुरण खाल्लं आणि हसायचं बंद केलं.

दुसरा विक्षिप्तपणा म्हणजे ते कधी बसून जेवत नसत. शेवटची पंगत उठली की चुलीपाशी उभ्या उभ्या, पातेल्याच्या झाकणीत चार घास. घरीसुद्धा तसंच. मी एकदा पाट पुढे केला, तर मला म्हणाले, "वाढनाऱ्यानं बसायचं न्हाई, मास्तर. बसला की त्यो जेवनारा झाला. आन जेवनाऱ्याला आपलंच पान दिसतं." मला हे सुभाषित म्हणून आवडलं. ते पुढे आमच्याच मानगुटीवर बसणार आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

घरात बुवांखेरीज फक्त आक्का. त्यांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत कपाळ पांढरं झालं आणि त्या भावाकडे परत आल्या. बुवांनी लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बुवांच्या पुरणपोळीचं नाव साताऱ्याच्या रस्त्यापर्यंत होतं, पण त्या पोळीमागे आक्कांचं जातं होतं. तीस वर्षं त्या एकट्या दळत आल्या होत्या. त्यांची कणीक चिमटीत धरली तर बोटांच्या रेघा तिच्यावर उमटायच्या. दोनशे माणसांचं असो की पाचशेचं, कणीक आक्कांची. दुसऱ्या कुणाच्या हाताला बुवा तयार नसत. ह्या हट्टाने बहिणीचा खांदा खाल्ला, हे त्यांना फार उशिरा कळलं.

माझ्या पहिल्याच सकाळी मी खोलीबाहेर आलो आणि दारातच थबकलो. अंगणात आक्का पाय मुडपून बसल्या होत्या आणि त्यांच्यामागे बसून बुवा त्यांची वेणीफणी करत होते. मिशाळ, पन्नाशीकडे झुकलेला बाप्या बहिणीचे केस विंचरतोय, आणि अंगणाला कुंपणाखेरीज आडोसा नाही. आक्कांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. बुचडा बांधायला दोन हात डोक्यामागे न्यावे लागतात, तेवढंही त्यांना जमेना.

"बुचडा डावीकडं गेला," आक्का म्हणाल्या.

"जाऊ दे. उजवीकडं भाजीला जागा ठिवली," बुवा म्हणाले.

भोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आक्कांचा हात हलवून पाहिला आणि स्पष्ट सांगितलं, की ह्या बाईंनी आणखी वर्षभर जातं ओढलं तर हात कायमचा लोंबेल. बुवा घरी आले, जात्याचा खुंटा उपसला आणि कमरेला खोचला. "आजपासनं आक्कानं खुंट्याला हात लावायचा न्हाई," असं त्यांनी चावडीसमोर चार माणसांत जाहीर केलं. मग स्वतःच दळायला बसले.

बाप्या जात्यावर! कुंपणापाशी ही गर्दी. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, गडी उघड हसायचे. बुवा खुंटा धरून असा जोर करायचे की जात्याची वरची तळी उचलली जायची आणि अर्धे गहू भरडून बाहेर. ओवी म्हटल्याशिवाय जातं हलत नाही असं ऐकलेलं, म्हणून ओवीही म्हणायचे. त्यांचा आवाज ऐकून शेजारची म्हैस दावं ओढायची. कणीक रव्यासारखी यायची, आणि त्या कणकेच्या पोळीला तव्यावर पडायच्या आधीच भोक पडायचं. एका बारशात त्यांच्या पोळ्या फाटल्या. त्या दिवशी बुवा घरी येऊन झाकणीतले चार घाससुद्धा न खाता निजले.

भोरला गिरणी होती की, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. बैलगाडीने जाऊन-येऊन दिवस मोडायचा, तोही सोसला असता. पण बुवांनी एकदा तिथून कणीक दळून आणली होती ती नेमकी मिरचीच्या मागून. लग्नाच्या पंगतीत पहिला घास घेतला आणि नवरदेवासकट दीडशे माणसं एकदम शिंकली. बुवा ती शिंक आयुष्यात विसरले नाहीत. "दुसऱ्याच्या दगडाला म्या पुन्ना गहू दावनार न्हाई," म्हणायचे.

म्हणजे आपला दगड हवा, आणि तो फिरवायला इंजिन हवं. दगड वडाराने घडवून दिले, सुताराने त्यांचा सांगाडा उभा केला. इंजिन नीरेकाठच्या एका बागाइतदाराच्या गोठ्यात सापडलं. पानमळ्याला पाणी चढवण्यासाठी त्याने कधीकाळी ते आणलेलं. पेट्रोलवर चालणारं, एका सिलिंडरचं, बसक्या बैलाएवढं. मग एका उन्हाळ्यात ते जाम झालं ते झालंच. आठ वर्षं गोठ्यात पडून होतं. मोठ्या चाकावर लसणाच्या माळा लटकत होत्या आणि वर जो उघडा पाण्याचा हौद असतो, इंजिन थंड ठेवण्यासाठी, त्यात एक कोंबडी अंड्यावर बसली होती. बुवांनी त्याच्या मुलीच्या लग्नाचा स्वयंपाक केला आणि बिदागी म्हणून हे धूड मागितलं. बागाइतदाराला वाटलं, आचाऱ्याच्या डोक्याला चुलीची धग लागली. कोंबडीने पिल्लं काढेपर्यंत बुवा थांबले, मग गाडीत घालून घरी आणलं.

बुवांनी आयुष्यात कधी पानासुद्धा हातात धरला नव्हता. त्यांना इंजिनाचं शिक्षण मिळालं ते शिवऱ्याच्या मोटार-ड्रायव्हरकडून. हा हमरस्त्यावर सर्व्हिस मोटार हाकायचा, टोपी तिरकी घालायचा आणि जगात आपल्याखेरीज कुणाला काही कळतं असं मानायचा नाही. पेट्रोलचा डबा त्याच्याकडूनच आणावा लागे.

"बुवा, ह्ये काय रॉकेल न्हवं. शेंडी जळंल," तो म्हणाला.

"शेंडी कवाच गेली. इंजन कसं चालतं त्येवडं सांगा."

ड्रायव्हरने चार बोटं दाखवली. "चार पावलं. पयलं वढतं, मग दाबतं, मग पेटतं, मग फेकतं. झालं."

बुवांनी ती चार बोटं मोजली. "म्हंजी घास घेतं, चावतं, पोटात आग पडती, आन ढेकर देतं. मान्सावानीच की!"

ड्रायव्हर हसून हसून खाली बसला. पण मी शाळेत पुढे वर्षानुवर्षं इंजिन शिकवलं ते ह्याच चार शब्दांत, आणि एकही पोरगं ते विसरलं नाही.

चैत्रातल्या जत्रेला पंधरा दिवस उरले होते. जत्रेचा भंडारा बुवांकडे. आठशे पान, सगळ्यांना पुरणपोळी. आणि जत्रेच्या आठवड्यात गावातलं प्रत्येक जातं ज्याच्या त्याच्या पाहुण्यांसाठी फिरत असतं, कुणाची मदत मागायची सोय नाही. आक्कांनी भावाला निक्षून सांगितलं, "रविवारी जत्रा. शुक्रवारच्या सांजंपत्तुर तुजं ह्ये भांडं बोललं तर बोललं. न्हाईतर शनवारी म्या जात्यावर बसनार. आठशे मान्सापुढं तुजी पोळी फाटल्याली म्या बगनार न्हाई. हात गेला तर जाऊ दे." दुसरा खुंटा त्यांनी सुताराकडून करून आणलाही होता. तो त्यांनी उशाशी ठेवला. भाऊ हट्टी, तर बहीण त्याचीच थोरली.

बुवांनी इंजिन खोललं त्या दिवशी मी रजा काढली होती. अंगणात ओट्यावर इंजिन, खाली पंधरा पत्रावळी ओळीने मांडलेल्या, जणू पंगत बसायची आहे. मी वही-पेन्सिल घेऊन तयार होतो.

"ह्ये काय?"

"कुठला भाग कुठला, ते लिहून ठेवतो."

"ऱ्हाऊ द्या. कागुद वाऱ्यानं उडतो. पानावरली जागा उडत न्हाई," बुवा म्हणाले आणि मला वही मिटायला लावली.

एकेक भाग निघत गेला आणि पत्रावळीवर जाऊन बसला. बारीकसारीक स्क्रू मिठाच्या जागी. तेलाची नळी आमटीच्या जागी. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, आतच जाम होता; त्याच्यासाठी मधोमध भाताची जागा रिकामी राखली, कारण "त्येच्याबिगर पोट भरत न्हाई". झडपा दोन होत्या, घास घ्यायची आणि ढेकर द्यायची, आणि दोन्हींवर एकेक स्प्रिंग. झडपा त्यांनी जागच्या जागीच ठेवल्या. स्प्रिंगांना मात्र एक वेगळी पत्रावळ दिली. घासाची डावीकडे, चटणीच्या जागी. ढेकरेची उजवीकडे, भाजीच्या जागी. सगळं काम उभ्याने. ओट्यावरून काढायचं, वाकायचं आणि वाढायचं. तीस वर्षं पंगती वाढलेला हात तो, एकदाही अडखळला नाही.

पुढचे दिवस स्वयंपाकघरातल्या अकलेने गेले. जाम झालेला दट्ट्या ठोकायला ड्रायव्हरने सांगितलं होतं. बुवांनी तो तीन दिवस रॉकेल आणि गोड्या तेलात भिजत घातला. "हरबरा भिजल्याबिगर शिजत न्हाई," म्हणाले. आणि चौथ्या दिवशी दट्ट्या अंगठ्याच्या दाबाने सरकला. झडपा बसकणीत नीट बसेनात, दाब धरेनात. धार लावणाऱ्याकडून कुरुंदाची बारीक पूड आणली, तेलात कालवली, आणि झडपेचा दांडा दोन तळव्यांत धरून ताक घुसळावं तशी झडप तास तास घुसळली. सिलिंडर आणि त्याच्या झाकणामधलं तांब्याचं पातळ बसकूर, म्हणजे गॅस्केट, फाटलं होतं. आक्कांनी आपलं माहेरचं तांब्याचं तपेलं पुढे केलं. त्याचं बूड झिजलं होतं. बुवांनी ते कापलं, चुलीत लाल करून मऊ केलं आणि बसकूर तयार झालं. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो चालतो का हे पाहायला त्यांनी तार बोटात धरली आणि मला चाक फिरवायला सांगितलं. ते दोन हात मागे जाऊन बसले. "चालतंय," म्हणाले. "म्हस लाथ मारती, तसं चालतंय."

आणि सगळे भाग राख-चिंच लावून घासले. लग्नाच्या भांड्यांसारखे. पाहणाऱ्याला दिपायला व्हावं असे. इथेच चूक लपली. पण ती पुढे.

बुधवारी जोडणी सुरू झाली. बुवांचे गुडघे इतके दिवस उभं राहून सुजले होते. आक्का रागावल्या. त्यांनी पाट आणून टाकला आणि दंडाला धरून भावाला त्यावर बसवलं. आम्ही चौघांनी ओट्यावरचं इंजिनही उतरवून खाली घेतलं. तर मी पहिल्यांदा बुवांना पत्रावळीपुढे पाटावर बसलेलं पाहिलं. अवघडले होते, पण बसले. गुरुवारी दुपारी शेवटचा नट आवळला. हौदात पाणी, टाकीत पेट्रोल, चाकाला नारळ. बुवांनी हँडल मारलं.

काही नाही.

पुन्हा मारलं. मी मारलं. शेजारच्या दोघांनी मारलं. दिवस मावळेपर्यंत हँडल मारून आमच्या तळव्यांना फोड आले आणि इंजिन ठणठणीत मुकं. ठिणगी होती, पेट्रोल होतं, दाबाला चाक अडत होतं. बुवांनी पळी इंजिनाला लावली, दांडा कानाला, आणि मला सावकाश चाक फिरवायला सांगितलं. पुष्कळ वेळ ऐकून म्हणाले, "चावतंय बराबर. पन घास घेत न्हाई."

शुक्रवारी सकाळी ड्रायव्हर मजा बघायला शिवऱ्याहून आला. त्याच्या मागोमाग अर्धं गाव. त्याने इंजिनाभोवती एक फेरी मारली, जिभेने च्यक् केलं आणि म्हणाला, "चकचकीत मातूर लई केलंय. देव्हाऱ्यात ठिवा." लोक हसले. आक्का आत गेल्या. थोड्या वेळाने मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो, तर त्या जात्याशी बसून नवा खुंटा त्याच्या भोकात बसवून पाहत होत्या. डाव्या हाताने ठोकत होत्या. मला फार वाईट वाटलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला बुवांचा राग आला. इंजिनासारखी वस्तू पत्रावळीवर वाढायला निघालेला हा माणूस, आणि त्याच्या सांगण्यावरून वही मिटून बसलेला मी. मी मनात ठरवलं, दुपारी गाडी जुंपायची आणि गहू भोरला न्यायचे, शिंकले आठशे तर शिंकू देत.

बाहेर आलो तर बुवा एक विलक्षण गोष्ट करत होते. त्यांनी पत्रावळीचा एक सुका तुकडा इंजिनाच्या धुराड्याच्या तोंडाशी धरला होता आणि ड्रायव्हरला चाक फिरवायला सांगितलं होतं. ढेकर द्यायच्या तोंडातून वारा बाहेर यायला हवा, पान उडायला हवं. पान उडालं नाही. ते धुराड्याला चिकटलं.

"मास्तर," बुवा हळूच म्हणाले, "ज्या तोंडानं ढेकर द्यायची, त्याच तोंडानं ह्ये घास घेतंय."

"असं कुठं असतं व्हय?" ड्रायव्हर म्हणाला, पण त्याचाही चेहरा जरा उतरला.

ऊन डोक्यावर आलं. घरी पाहुणा आलेला, तो हसायला आलेला का असेना, जेवल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही. आक्कांनी ड्रायव्हरला पान मांडलं. वाढायला बुवा. पण त्या दिवशी बुवांत उभं राहायचं बळ उरलं नव्हतं. ते ड्रायव्हरच्या समोर पाटावरच बसले, डोळे इंजिनाकडे, आणि बसल्या बसल्या वाढू लागले. मीठ वाढलं. चटणी वाढली.

"अरं!" आक्का दारातून ओरडल्या. "चटनी उजवीकडं? पाव्हन्याच्या उजवीकडं चटनी वाढलीस? तीस वर्सांत पयल्यांदा!"

बुवांनी पत्रावळीकडे पाहिलं. चटणी त्यांच्या स्वतःच्या डावीकडे होती, म्हणजे समोर बसलेल्या ड्रायव्हरच्या उजवीकडे. ते तसेच पाहत राहिले. मग हळूहळू उठले. उभे राहिले, पत्रावळीवर वाकले, आणि त्यांचा हात आपोआप आपल्या उजवीकडे, पाहुण्याच्या डावीकडे गेला. परत बसले. हात आपल्या डावीकडे गेला. पुन्हा उठले.

"आक्का गं," ते म्हणाले, "उभ्यानं वाढलं आन बसून जेवलो."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इंजिन खोलताना ते उभे होते. उभा बुवा म्हणजे वाढपी. त्याने स्प्रिंगा समोरच्या जेवणाऱ्याच्या हिशेबाने ठेवल्या. घासाची स्प्रिंग जेवणाऱ्याच्या डावीकडे, म्हणजे स्वतःच्या उजवीकडे. पण जोडताना आक्कांनी त्यांना पाटावर बसवलं, त्याच पत्रावळीपुढे, त्याच बाजूला. पाटावर बसला की वाढपी जेवणारा होतो. त्यांनी आपल्या डावीकडची स्प्रिंग घासाची म्हणून उचलली. अदलाबदल झाली, आणि दोन्ही राख-चिंचेने अशा घासलेल्या, की काजळीचा फरकही उरला नव्हता.

बुवा इंजिनाकडे धावले. ड्रायव्हरच्या पानावर मीठ आणि चटणी, एवढंच.

"बुवा, भात?" ड्रायव्हरने विचारलं.

मग तोही उठला आणि पाना घेऊन आला, हे त्याच्या मोठेपणाला धरून सांगितलं पाहिजे. दोन्ही स्प्रिंगा काढल्या आणि बुवांनी त्या पहिल्यांदा बोटांत दाबून पाहिल्या. एक भेंडीसारखी लवचीक, एक हरभऱ्यासारखी कडक. घास घ्यायची झडप कुणी उघडत नसतं. दट्ट्याच्या ओढीने ती आपसूक उघडते, म्हणून तिला नाजूक स्प्रिंग लागते. आम्ही तिच्यावर कडक स्प्रिंग बसवून इंजिनाचं तोंड दाबून धरलं होतं, आणि नाजूक स्प्रिंगमुळे धुराड्याची झडप घासासाठी उघडत होती.

ह्या वेळी बुवांनी उभ्यानेच जोडलं. गुडघे सुजलेले, आक्का पाट घेऊन मागे उभ्या, पण बसले नाहीत. सूर्य कलला होता. ड्रायव्हर हँडलला हात घालायला पुढे झाला, तर त्याला बाजूला सारून बुवांनी स्वतः हँडल धरलं. पहिला फेरा गेला. दुसऱ्याला आत काहीतरी खाकरलं. तिसऱ्याला धुराड्याने अशी दणदणीत ढेकर दिली की कुंपणावरच्या कोंबड्या थेट ओढ्यापलीकडे गेल्या, आणि मग ते चालूच राहिलं. ठाक, ठाक, ठाक, ठाक. ओटा हलत होता, माझ्या पायाखालची जमीन हलत होती. माणसं आरोळ्या ठोकत होती. ड्रायव्हरने तिरकी टोपी काढून आभाळात फेकली, ती हौदात पडली, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. मी शाळामास्तर माणूस, चारचौघांत नाचलो. मला त्याची अजून लाज वाटत नाही.

बुवा मात्र पळी कानाला लावून उभे. "घास घेतंय," एवढंच म्हणाले.

पट्टा चढवला. दगड फिरू लागला. पहिली वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात घालायची गव्हाची पहिली मूठ, आक्कांनी घातली, डाव्या हाताने. घालताना त्यांचे ओठ हलत होते. त्या ओवी म्हणत होत्या हे मला कळलं; त्या आवाजात ऐकू काहीच येत नव्हतं. कणीक खाली आली. आक्कांनी चिमटीत धरली, बोटं उघडली, आणि चिमूट भावापुढे धरली. तिच्यावर रेघा उमटल्या होत्या. नवा खुंटा त्यांनी त्याच संध्याकाळी चुलीत घातला.

जत्रेचं काय सांगू? आठशे पान उठलं आणि एक पोळी फाटली नाही. ड्रायव्हर तीन पंगतींना बसला. शुक्रवारचा भात वसूल करतोय म्हणाला. पुढे आसपासच्या वाड्यांवरून धनगरांच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन दळायला येऊ लागल्या. बुवांनी इंजिनाला एकच नियम लावला: मिरची दळायची नाही. आणि दळण चालू असताना हौदातलं पाणी उकळायला लागलं की त्यात बटाट्यांची पुरचुंडी सोडायचे. फुकटचं आधण वाया कसं घालवायचं, असा त्यांचा सवाल असे.

त्यानंतर दिवाळी झाली, थंडी पडली. एका सकाळी मी खोलीबाहेर आलो. इंजिन चालू होतं, बायका रांगेत बसल्या होत्या. बुवा नेहमीप्रमाणे अंगणात फणी घेऊन बसलेले. पण आक्का त्यांच्या पुढ्यात नव्हत्या. त्या तुळशीपाशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या, आणि त्यांचे दोन्ही हात डोक्यामागे होते. उजवा जरा थरथरत होता, पण वर होता. त्यांनी बुचडा वळला, घट्ट केला, आणि हात खाली घेतले. बुचडा अगदी मधोमध होता.

बुवांनी हातातल्या फणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, तीस वर्सं कुनी मला पंगतीतनं उठवलं न्हाई," ते म्हणाले. "आज कामावरनं काढलं बगा."

हसायला गेले, पण ते त्यांना जमलं नाही. फणी त्यांनी बंडीच्या खिशात टाकली, पळी उचलली आणि इंजिनापाशी गेले. इंजिनात त्या दिवशी काहीच बिघाड नव्हता. तरीही दांडा कानाला लावून, आमच्याकडे पाठ करून, ते पुष्कळ वेळ ऐकत उभे राहिले.